एन-फोरची ट्यूब

‘थंडी आहे ना’ हे तीन शब्द ऐकले की उर्मिला गावंडेच्या डोक्यात तिडीक जायची. सकाळी बोटं आखडतात म्हटलं, की थंडी आहे ना. पोळ्या लाटताना मनगट दुखतं म्हटलं, की थंडी आहे ना. खालच्या मजल्यावरच्या कौरआंटींनी तर जानेवारी लागताच अळशीच्या पिन्न्यांचा, म्हणजे पंजाबी लाडवांचा, डबा आणून दिला आणि बजावलं, रोज एक खा, हाडं लोखंडाची होतील. उर्मिलाने दहा दिवस नेमाने खाल्ल्या. हाडांचं काही कळलं नाही, वजन मात्र दीड किलो वाढलं. ती वाढली अकोल्याच्या उन्हात, पण लग्नानंतर चंदीगडमध्ये तिने चोवीस हिवाळे काढले होते. आपल्याला थंडी किती सोसते हे आता सेक्टर शेहेचाळीसने आपल्याला शिकवू नये, असं तिचं ठाम मत होतं.

मोहालीतल्या एका लहानशा खाजगी संशोधन केंद्रात ती अकरा वर्षं टेक्निशियन होती. तिथे संधिवातावर काम चाले. रुग्णांच्या रक्तातलं काय वाढलंय, काय घटलंय ते मोजायचं, आणि ते मोजायचं काम उर्मिलाचं. तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट, तिला शहाण्णव खळगे, आणि प्रत्येक खळग्यात पिपेटने मोजून थेंब सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण थेंब केसभर कमी-जास्त झाला की आकडा बिघडतो, आणि आकडा बिघडला की कोणाच्या तरी चार वर्षांच्या मेहनतीची माती होते. उर्मिलाचा थेंब कधी चुकत नसे. एकच रक्त तिने तीन खळग्यांत टाकलं तर तिन्ही आकडे सख्ख्या भावंडांसारखे निघत. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टर ग्रेवाल मॅडम आल्यागेल्या पाहुण्याला तिच्या टेबलापाशी उभं करून सांगायच्या, “मशीन दी लोड़ नहीं सानूं, साडे कोल उर्मिला है.” आम्हाला मशीनची गरज नाही, आमच्याकडे उर्मिला आहे.

हे वाक्य उर्मिलाने घरी इतक्या वेळा सांगितलं होतं की तिची सोळा वर्षांची लेक अक्षरा तिच्याआधीच पूर्ण करायची.

यंदा मात्र मशीन आलं. अजून आत आलं नव्हतं, माहितीपत्रक आलं होतं. आपोआप थेंब टाकणारं मशीन, हात न थरथरणारं, सुट्टी न घेणारं. ते ग्रेवाल मॅडमच्या टेबलावर आठवडाभर पडून होतं आणि उर्मिला रोज येताजाता ते उपडं करून ठेवत होती. मशीन आलं तर आपण कुठे जाणार हे तिला माहीत होतं. मागच्या खोलीत, खोकी मोजायला.

आणि नेमक्या त्याच महिन्यात तिच्या हाताचे आकडे बिघडले.

त्या हिवाळ्यात केंद्रात एकाच गोष्टीचं वेड होतं. एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा अगदी छोटा तुकडा. नाव होतं, पण सगळे नुसतं ‘पी’ म्हणत. नसांची टोकं हा पी सोडतात आणि आजूबाजूच्या पेशींना निरोप देतात, की इथे इजा झालीय, धावून या. मग रक्तवाहिन्या सैल पडतात, सूज येते, शरीराच्या राखणदार पेशी गोळा होतात. काम झालं की निरोप थांबायला हवा. संधिवाताच्या सांध्यात तो थांबत नाही.

उर्मिलाचे यजमान विजयकुमार सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये उपकरणं जुळवायचे. त्यांना पेशींचं काही सांगितलं की ते चष्मा पुसायला घेत. त्यांना हे समजावताना तिने एकदा फोनच पुढे धरला होता.

“हे पाहा, आपल्या मराठी मंडळाचा ग्रुप. ‘तातडीने रक्त पाहिजे, ओ निगेटिव्ह.’ केव्हाचा मेसेज हाये हा?”

“दोन वर्षं झाली असतील,” विजयकुमार म्हणाले. “तो माणूस तर बरा होऊन नागपूरले गेला.”

“गेला ना? तरी लोक पुढे ढकलूनच राह्यले. अन् ज्याले मिळते तो पुन्हा दहा जणांले पाठवते. संधिवातात हेच होते. आग इझलेली असते, निरोप फिरतच राह्यते. राखणदार येतात अन् आग सापडली नाही म्हणून घरालेच हाणत बसतात. त्या हाणामारीनं नस पुन्हा चिडते, अन् पुन्हा पी सोडते.”

विजयकुमारांनी चष्मा घातला. “समजलं,” ते म्हणाले. “ग्रुप सोडून द्यावा.”

तर हा पी रुग्णांच्या रक्तात जास्त आणि धडधाकट माणसांच्या रक्तात कमी, एवढं दाखवायचं होतं. त्यासाठी धडधाकट माणसं हवीत. ती बाहेरून कोण आणणार? केंद्राची जुनी पद्धत अशी, की स्टाफनेच बाही वर करायची. सोमवारी सकाळी रक्त द्यायचं आणि वर चहा-समोसा खायचा. ट्यूबवर नाव नसे, नुसता नॉर्मलचा नंबर. एन-वन कोण, एन-टू कोण हे कालांतराने कोणी लक्षातही ठेवत नसे, कारण एक रजेवर, दुसरा उपाशी नाही, तिसरीला सुई दिसली की चक्कर. कायम हजर एकच, एन-फोर. म्हणजे उर्मिला. गेली दोन-तीन वर्षं प्रत्येक प्लेटवर नॉर्मल म्हणून एन-फोरची ट्यूबच लागत होती.

दरवर्षी जानेवारीत देणाऱ्यांनी एक फॉर्म भरायचा. ताप, मधुमेह, सांधेदुखी, सूज, चालू औषधं. अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांचे फॉर्म उर्मिलाच भरायची आणि बाकीचे नुसती सही करायचे. भरायची म्हणजे गेल्या वर्षीचा समोर ठेवून उतरवायची. यंदाही तिने नऊ फॉर्म एका बैठकीत उतरवले. सांधेदुखी, नाही. सूज, नाही. मध्ये दोनदा पेन खाली ठेवून तिला बोटं चोळावी लागली. थंडी होती ना.

आता ईश्वरीकडे यायला हवं. ईश्वरी पुण्याची, सत्तावीस वर्षांची, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला, आणि हुशार. त्याबद्दल उर्मिलाची तक्रार नव्हती. तक्रार ‘काकू’बद्दल होती. अख्खं केंद्र तिला ‘उर्मिलाजी’ म्हणायचं, आणि मराठी बोलणारं एक माणूस अकरा वर्षांनी मिळालं तर ते पहिल्या दिवशी ‘काकू’ म्हणालं. तिचा प्रबंध याच पी-वर होता, आणि या हिवाळ्यातल्या सलग चार प्लेट्स वाया गेल्या होत्या. रुग्णांचे आकडे वर होते ते ठीक. नॉर्मलचा आकडाही वर. दोघांत फरकच उरला नव्हता.

“काकू, हे परत तसंच आलंय,” ईश्वरी कागद पुढे धरून म्हणाली.

“किट बदललं होतं?”

“बदललं ना. कंपनी म्हणतेय, किट उत्तम आहे. फ्रीझरचं तापमान पाहिलं, ते बरोबर आहे.” मग जरा थांबून, पुण्याच्या त्या स्वच्छ गोड आवाजात तिने विचारलं, “काकू, तुमचा हात हलतोय का अलीकडे?”

उर्मिलाची कानशिलं तापली. “माझा हात?”

“नाही म्हणजे, मी तुम्हाला पक्कड वापरताना पाहिलं. ट्यूबचं झाकण उघडायला.”

हे खरं होतं. नोव्हेंबरपासून त्या बोटाएवढ्या ट्यूबची झाकणं तिला उघडत नव्हती. विजयकुमारांच्या पेटीतली छोटी पक्कड तिने पर्समध्ये टाकली होती. पण झाकण उघडणं वेगळं आणि थेंब टाकणं वेगळं.

“अगं, डोकं चालव जरा,” ती म्हणाली. “हा पी किती नाजूक हाये? रक्त बर्फात ठेवायला पाच मिनिटं उशीर झाला तरी तुटून जातो. माझ्याकडून हलगर्जी झाली असती तर आकडा खाली आला असता. वर कसा जाईल?”

“रुग्णाच्या ट्यूबमधला थेंब उडून नॉर्मलमध्ये पडला तर जाईल ना वर.”

मुद्दा बिनतोड होता, आणि बिनतोड मुद्दा ऐकला की उर्मिलाचा राग दुप्पट होत असे. ती दुपारचा डबा न खाताच घरी आली. येताना वाटेतल्या चौकात अॅक्टिव्हाचा ब्रेक दाबताना बोटांतून अशी कळ गेली, की पुढच्या कारला गाडी टेकता टेकता राहिली. कारवाल्याने काच खाली करून जे म्हणायचं ते म्हटलं. तिनेही मग वऱ्हाडीतून त्याला जे सांगायचं ते सांगून घेतलं. त्याला कळलं नाही, तिला बरं वाटलं.

घरी तिने पर्समधून पिपेट काढून विजयकुमारांसमोर ठेवलं. ग्रेवाल मॅडमना विचारून आणलं होतं.

“तपासा. यातच काही बिघाड असन.”

उपकरण म्हटल्यावर त्या माणसाच्या अंगात उत्साह आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मित्राच्या नाजूक काट्यावर नेलं, पाण्याचे पन्नास थेंब एकेक करून तोलले, आणि संध्याकाळी हसतमुखाने परत आले. सोबत तक्ता.

“एकदम खरं हाये,” ते म्हणाले. “पन्नासच्या पन्नास थेंब बरोबर. इतकं चांगलं पिपेट म्या पाह्यलं नाही.”

“मग?”

“मग काय? उपकरण बरोबर हाये म्हटल्यावर राह्यलं काय? हात.”

या माणसाशी आपण चोवीस वर्षं संसार केला, असं उर्मिलाच्या मनात आलं. तिने तक्ता घेतला, चार घड्या केल्या आणि पिठाच्या डब्याखाली सरकवला. अक्षरा अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, “मम्मा, एक महीने से आटा भी पापा गूँध रहे हैं. आप डॉक्टर को दिखा क्यों नहीं देतीं?”

“थंडी हाये म्हणून मळतात ते,” उर्मिला म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून आणखीच भडकली.

रात्रभर विचार करून सकाळी तिने ठरवलं. कोणी हाताला नावं ठेवत असेल तर हातानेच उत्तर द्यायचं. तिने ग्रेवाल मॅडमच्या खोलीत जाऊन सांगितलं, “मैडम, एक प्लेट मुझे दीजिए. मेरी परीक्षा. उसके बाद मशीन मँगवाना है तो मँगवाइए.”

नियम तिनेच घातले. रक्त सहा जणांचं, सगळी केंद्राचीच धडधाकट माणसं. ग्रेवाल मॅडम, ईश्वरी, ऑफिसातली मनप्रीत, चौकीदार, ड्रायव्हर आणि सहावी ती स्वतः. रक्त ईश्वरीने काढायचं, ट्यूबवर एक ते सहा आकडे मनप्रीतने टाकायचे, कोणता आकडा कोणाचा ही यादी पाकिटात बंद करून मॅडमकडे द्यायची. उर्मिलाला आणि ईश्वरीला काहीच कळता कामा नये. रुग्णाची एकही ट्यूब टेबलावर नको, म्हणजे थेंब उडायला जागाच नको. प्रत्येक रक्त तीन खळग्यांत. हात हलत असेल तर तिन्ही आकडे तीन दिशांना जातील, आणि मग ती स्वतःहून मागच्या खोलीत खोकी मोजायला बसेल.

“असं काही म्हणायचं नव्हतं मला, काकू,” ईश्वरी पुटपुटली.

“काढ रक्त,” उर्मिलाने बाही वर केली.

ती प्लेट तिने जशी टाकली तशी अकरा वर्षांत टाकली नसेल. अंगठा दुखत होता, ती दुखू देत होती. श्वास रोखून थेंब उचलायचा, खळग्याच्या भिंतीला टोक टेकवायचं, सोडायचं, पुढे. ईश्वरी मागे उभी होती. मधले तास थांबायचे होते, ते दोघींनी घड्याळाकडे पाहत काढले. शेवटचं द्रव्य टाकल्यावर खळगे पिवळे व्हायला लागतात. या किटमध्ये उलटा हिशेब असतो. पी जितका कमी तितका पिवळा गडद, आणि पी जास्त असेल तिथे रंग फिका.

चार वाजता उर्मिलाने प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. गडद, गडद, गडद. पुन्हा तीन गडद, आधीच्या तिघांसारखेच. रंग मोजणाऱ्या यंत्रात घालायच्या आधीच तिला दिसलं की तिचा हात खरा आहे. प्रत्येक त्रिकूट एका रंगाचं होतं, जणू एकाच भांड्यातून ओतलेलं. तिला इतका आनंद झाला, की पाच नंबरपाशी काय आहे ते तिने क्षणभर पाहिलंच नाही.

पाच नंबरचे तिन्ही खळगे फिके होते. तिन्ही सारखेच फिके.

आकडे निघाले. ग्रेवाल मॅडम उठून आल्या आणि चष्म्यावरून कागद पाहत म्हणाल्या, “हाथ तो परफेक्ट है, उर्मिला. ऐसी प्लेट मैंने नहीं देखी.” मग त्यांनी पाकीट ईश्वरीकडे दिलं.

ईश्वरीने पाकीट फोडलं. यादी वाचली. मग तिने ती पहिल्यांदाच दिसल्यासारखी पुन्हा पाहिली आणि ती कोणाला द्यावी हे न कळून नुसती धरून राहिली.

“पाच कोण?” उर्मिलाने विचारलं.

“एन-फोर,” ईश्वरी म्हणाली. “काकू, तुम्ही.”

चौकीदार दारात समोसे घेऊन उभा होता. कोणी घेतले नाहीत.

उर्मिलाने आपले हात टेबलावर ठेवले आणि अनोळखी माणसाचे पाहावेत तसे पाहिले. दोन्ही हातांची तीच बोटं, तेच मधले सांधे फुगलेले, उजवीकडे जसे तसे डावीकडे. दिवाळीपासून न निघणारी अंगठी. नोव्हेंबरची पक्कड. ब्रेक. कणीक. नऊ फॉर्म, सांधेदुखी नाही, सूज नाही, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात. साठ रुग्णांच्या रक्तात जो निरोप ती शोधत होती, तो इतके दिवस तिच्याच घरी येत होता आणि ती थंडीवर चिडत होती. तिला रडू आलं नाही. तिला स्वतःचा इतका राग आला की तो कुठे ठेवावा हेच कळेना.

“एवढी अक्कल असून,” ती म्हणाली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने तिचा एकेक सांधा दाबून पाहिला. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात असं त्याने विचारलं. घरून मोहालीला पोचून पहिला चहा पिईपर्यंत, असं ती म्हणाली. त्याने लिहून घेतलं. एका पी-वरून कोणी संधिवाताचं निदान करत नाही हे त्यानेही सांगितलं आणि तिलाही माहीत होतं. पण त्याने सांगितलेल्या तपासण्या करून आणल्या, त्या सगळ्या एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. लवकर कळलं, तो म्हणाला, आता औषधाने आवरता येईल, हात वाचतील. थंडीने होतं का हो, असं विजयकुमारांनी विचारलं. उर्मिलाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की डॉक्टरनेच घाईघाईने नाही म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी विजयकुमारांनी डब्याखालचा तक्ता काढून फाडला. मग कणीक मळायला बसले.

सोमवारी ती केंद्रात आली. मशीनचं माहितीपत्रक टेबलावर नव्हतं, ग्रेवाल मॅडमनी ते कुठे टाकलं ते तिने विचारलं नाही. दुखणं नेमकं कधीपासूनचं ते सांगता येत नव्हतं, म्हणून एन-फोरची ट्यूब लागलेल्या सगळ्या प्लेट्स रद्द झाल्या होत्या. तीन वर्षांचं काम पुन्हा करायचं होतं, त्यात ईश्वरीचा अर्धा प्रबंध गेला होता, आणि ईश्वरी त्याबद्दल एक शब्दही बोलली नव्हती. उर्मिलाला ते शब्दापेक्षा जास्त लागलं.

तिने रजिस्टर उघडलं. एन-फोरच्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. मागच्या पानांवर रुग्णांची यादी होती, साठपर्यंत. तिने एकसष्ट लिहिलं आणि पुढे तारीख टाकली. मग स्वतःचा नवा फॉर्म घेतला. गेल्या वर्षीचा समोर ठेवला नाही. सांधेदुखी, आहे. सूज, आहे. औषधं, या आठवड्यापासून.

ईश्वरी शेजारी येऊन उभी राहिली. “काकू, आजची प्लेट मी टाकू का? तुम्ही नुसत्या बसा, मला सांगा.”

“कायले? माझा हात खरा हाये, सगळ्यांसमोर सिद्ध झालाय. तू ना, त्या खुर्चीवर बस अन् पाह्य.”

ईश्वरी बसली. उर्मिलाने हातमोजे चढवले, ते चढवायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. रुग्णांच्या रॅकमधून पहिली ट्यूब उचलली. पक्कड पर्समध्ये होती आणि पर्स बाहेर कपाटात. तिने झाकण फिरवून पाहिलं. ते फिरलं नाही. पुन्हा जोर लावला, अंगठ्यातून कळ मनगटापर्यंत गेली, झाकण तिथेच.

तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग प्लेटकडे. आणि ट्यूब ईश्वरीच्या पुढे धरली.

ईश्वरीने झाकण उघडलं आणि ट्यूब तिच्या हातात परत दिली.